केव्हा आलास, परत केव्हा?

परदेशातून सुटीवर आलेल्या माणसाचे स्वागत आपल्याकडे दोन प्रश्नांनी होते. 'केव्हा आलास?' हा पहिला, आणि 'परत केव्हा?' हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पुरते ऐकून होण्याआधीच दुसरा विचारला जातो. या दोन प्रश्नांच्या मधल्या फटीत त्या माणसाची दहा, वीस, तीस वर्षे पडलेली असतात. ती उचलून पाहण्याची सवड कोणाला नसते. मग चहा येतो, तर्री-पोहे येतात, तिकडच्या पगाराचा अंदाज घेतला जातो, तिकडे घरकामाला बाई मिळत नाही याबद्दल हळहळ व्यक्त होते आणि निघताना संत्रा बर्फीचा डबा त्याच्या हाती ठेवला जातो. माणूस जसा आला तसाच न सांगता निघून जातो.

आमच्या मनीषनगरात हे दृश्य वर्षातून दोनदा हमखास दिसते. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा डिसेंबरात. विमानतळ जवळच असल्याने डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचा आवाज आम्हाला नवा नाही. येथे पेन्शनरांची वस्ती मोठी. बँक, विमा, वीज मंडळ, शाळा-कॉलेजे यांतून निवृत्त झालेली माणसे. एखाद्या फ्लॅट स्कीमच्या गेटपाशी संध्याकाळी खुर्च्या टाकून बसलेल्या मंडळींत पाच मिनिटे बसलात, तर डॅलस, टोरांटो, मेलबर्न, दुबई ही नावे बर्डी-धंतोलीइतक्या सहजतेने कानावर येतात. कोणाचा मुलगा तिकडे, कोणाची लेक-जावई तिकडे. तिकडचे तापमान, तिकडची घड्याळे, नातवंडांच्या शाळेच्या सुट्या यांचा हिशेब येथे तोंडपाठ असतो. मात्र 'तुमचा मुलगा तिकडे पहिल्या हिवाळ्यात कसा राहिला? कोणी मदत केली? कशाची भीती वाटली?' असे विचारले, की आई-बाबा एकमेकांकडे पाहतात. त्यांनी ते विचारलेले नसते आणि मुलाने सांगितलेले नसते.

आता कोणी म्हणेल, परदेशाविषयी मराठीत लिहायचे तरी काय उरले आहे? पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० साली आले. मीना प्रभू यांचे 'माझं लंडन' १९९३ साली आले. सहल कंपन्यांबरोबर जाऊन आलेल्यांनी हौसेने लिहिलेल्या पुस्तकांची तर गणतीच नको. हे खरे आहे. पण पाहुणा म्हणून जाणे वेगळे आणि बिऱ्हाड मांडणे वेगळे. पाहुण्याला नायगारा दिसतो. बिऱ्हाड मांडलेल्याला घर गरम ठेवण्याचे बिल कोणत्या महिन्यात अंगावर येते ते कळते. पाहुणा चांगल्या-वाईटाचा निकाल पंधरा दिवसांत देऊन मोकळा होतो. राहणाऱ्याला मात्र रोज सकाळी उठून पुन्हा त्याच शेजाऱ्याशी, त्याच साहेबाशी, त्याच बर्फाशी मिळवून घ्यावे लागते. मीनाताईंचे पुस्तक वेगळे ठरले ते त्या तेथे राहत होत्या, डॉक्टर म्हणून काम करीत होत्या म्हणून. अशी राहणारी माणसे आज लाखांनी आहेत. त्यांतली लिहिणारी किती?

जी लिहून राहिली, त्यांनी आपल्याला काय दिले ते पाहावे. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पुरी व्हायची होती. हा तपशील शाळेच्या पुस्तकातही सापडेल. पण ती मुलगी तिकडे काय खात होती, थंडीत कशी राहत होती, नऊवारीत पाय उघडे पडतात म्हणून गुजराती पद्धतीने साडी कशी नेसू लागली, नवऱ्याच्या कडक शब्दांनी किती दुखावली जात होती, हे आपल्याला ठाऊक आहे ते तिच्या पत्रांमुळे. ती पत्रे कोणी तरी जपली आणि काशीबाई कानिटकरांसारख्या लेखिकेने त्यांच्या आधारे चरित्र लिहिले. पत्रे रद्दीत गेली असती, तर आनंदीबाई आज फक्त एक पदवी आणि दोन तारखा एवढ्याच उरल्या असत्या.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून निराळे. त्या १८८६ साली आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेत गेल्या आणि १८८८ पर्यंत तेथे राहिल्या. परतल्यावर १८८९ साली त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत लिहिले. अमेरिकेत काय पाहिले एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. तेथील बायकांनी संस्था कशा उभारल्या, राज्यकारभार कसा चालतो, आणि त्याच देशात काळ्या वर्णाच्या लोकांना कसे वागवले जाते, हेही त्यांनी लिहिले. कौतुक करण्याजोग्या गोष्टीचे मोकळेपणाने कौतुक आणि दोषाला दोष म्हणण्याचे धैर्य, दोन्ही एकाच पुस्तकात. आज सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर आपल्या परदेशस्थांच्या गप्पा ऐकल्या, की रमाबाईंची आठवण होते; कारण या गप्पा बहुधा दोनच साच्यांत ओतलेल्या असतात. एक साचा मिरवण्याचा: घर, गाडी, मुलांच्या स्पर्धा. दुसरा साचा कुरकुरीचा: एकटेपणा, धावपळ, 'तुमच्यासारखी मजा तिकडे नाही हो.' दोन्ही साचे ऐकणाऱ्याच्या सोयीचे असतात. एकाने त्याचा हेवा भागतो, दुसऱ्याने त्याचे समाधान होते. या दोहोंच्या मधला खरा माणूस तसाच राहून जातो.

मग तो बोलता कसा व्हायचा? याचे उत्तर वरसईच्या एका भिक्षुकाकडे आहे. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला आणि जीव वाचवून कोकणात परत आले. परदेशी नव्हे, पण त्या काळाच्या मानाने ते परमुलखातच जाऊन आले होते. गावाला आणि घरच्यांना त्यांनी या हकिकती किती वेळा सांगितल्या असतील! तरी पंचवीस वर्षे कागदावर एक ओळ उतरली नव्हती. भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी 'हे लिहून काढा' असा आग्रह धरला तेव्हा भटजींनी लेखणी हाती घेतली. ते लेखन 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. आज १८५७ वर लिहिणारा कोणीही अभ्यासक त्या पुस्तकाला वळसा घालून जाऊ शकत नाही. गोडसे भटजी साहित्यिक नव्हते आणि पुढारीही नव्हते. त्यांना एक विचारणारा भेटला, एवढेच त्यांचे भाग्य. आणि आपलेही.

असा विचारणारा वेळेवर न भेटल्यास काय होते, याचे उदाहरण शोधायला विदर्भाबाहेर जावे लागत नाही. वर्ध्यात जन्मलेले आणि नागपुरात शिकलेले डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशाबाहेर पडले. जपान झाले, अमेरिका झाली. तेथे त्यांनी शेतीशास्त्र शिकले, लष्करी शिक्षणही घेतले आणि गदर चळवळीत उडी टाकली. पहिल्या महायुद्धात ते इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. पुढे जर्मनी, मॉस्को असे करीत १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत पोहोचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मका आणि गहू यांच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालवल्या. जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा याने मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या इमारतीच्या भिंतीवर जी चित्रे रंगवली, त्यांतल्या एका चित्रात जेवणाच्या मेजाशी बसून भाकरी वाटून देणारा माणूस आहे. तो चेहरा आपल्या वर्ध्याच्या खानखोज्यांचा आहे.

देश स्वतंत्र झाला तरी त्यांची वाट सरळ झाली नाही. इंग्रजांच्या काळ्या यादीतले त्यांचे नाव तसेच राहिले होते आणि ज्या देशासाठी घर सोडले त्याच देशात येण्यासाठी त्यांना खटपट करावी लागली. अखेरीस ते परतले, नागपुरात राहिले आणि १९६७ साली येथेच वारले. म्हणजे साठच्या दशकात या शहराच्या रस्त्यावरून असा एक म्हातारा चालत होता, ज्याने लेनिनची राजधानी आणि इराणचे डोंगर पाहिले होते, कोरडवाहू शेतात मका कसा तगतो हे ज्याला कळत होते. त्या माणसाला भेटून, वही घेऊन, चार महिने शेजारी बसून सारे विचारून घेणारी किती माणसे तेव्हा निघाली असतील? पुढे वीणा गवाणकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले, त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांचे इंग्रजी चरित्र २००८ साली आले. सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगोच्या विद्यापीठात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. हे सारे स्तुत्य आहे. पण पुतळ्याला प्रश्न विचारता येत नाहीत. आजही नागपूरच्या एखाद्या शाळेत हे नाव उच्चारून पाहावे. किती हात वर होतात ते दिसेल.

थोरांची गोष्ट सोडा, कोणी म्हणेल. आमची मुले साधी नोकरदार आहेत. मला नेमके त्यांच्याविषयीच बोलायचे आहे. बँकेत असताना परदेशातून येणारे पैसे मी बरीच वर्षे पाहिले. डॉलर, पौंड, दिनार, रियाल. ड्राफ्ट आले, मग तारेने येणारी रक्कम आली, मग संगणकाच्या पडद्यावर आकडा उमटू लागला. खातेवहीत रक्कम जमा होत असे. ती रक्कम साठवताना तिकडे कोणी किती रात्री जागून काढल्या, हे लिहायला खातेवहीत रकाना नसतो. त्यामुळे काउंटरवर येणारी माणसे बोलू लागली की मी ऐकत असे. त्यांतला एक माणूस अजून डोळ्यांपुढे आहे. तो कुवेतमध्ये वेल्डर होता. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि तेथील भारतीय अडकले. त्यांतल्या एक लाख सत्तर हजारांहून अधिक लोकांना मुख्यतः जॉर्डनमधल्या अम्मानहून विमानांनी मायदेशी आणण्यात आले, हे आपण वाचले आहे. हा त्यांतलाच एक.

तो पासबुक भरून घ्यायला आला होता. रांगेतले लोक त्याला विचारीत होते, 'किती बुडाले?' तो आकडा सांगत होता आणि लोक चुकचुकत होते. गर्दी ओसरल्यावर तो माझ्या टेबलाशी बसला आणि वेगळेच सांगू लागला. बसने बगदादमार्गे अम्मानपर्यंत जाताना चप्पल कशी तुटली, वाळवंटातल्या तंबूत पाण्याची रांग कशी लागे, आणि एका दुपारी ट्रकच्या फळीवर उभी राहून एक अनोळखी बाई सर्वांना खबूस कशी वाटत होती. 'साहेब, तिचे नाव नाही विचारता आले. भाषाच नव्हती,' असे तो म्हणाला. पैशांविषयी बोलताना त्याचा आवाज स्थिर होता, या वाक्याला मात्र तो थांबला. हा माणूस घरी गेल्यावर त्याच्या मुलांनी त्या बाईविषयी कधी ऐकले असेल काय? अमेरिकेतल्या अभियंत्याच्या आठवणी निदान तिकडच्या मंडळाच्या दिवाळी अंकात छापून येण्याची शक्यता असते. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची शिखर संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून काम करते आहे. आखातात राबून आलेल्या फिटर, गवंडी, ड्रायव्हर, नर्स यांचे अनुभव मात्र त्यांच्याबरोबरच जातात. ते अनुभव उणे नाहीत. त्यांना ऐकणारा नाही.

परदेशस्थाकडे आणखी एक ठेव असते, जिच्याकडे आपले लक्षच जात नाही. त्याच्याकडे आपले जुने शहर असते. येथे राहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत शहर रोज थोडे थोडे बदलते आणि त्या रोजच्या बदलात जुने चित्र पुसले जाते. गेलेल्याच्या मनात ते त्याच्या निघण्याच्या तारखेला थांबलेले असते. जो नव्वदच्या दशकात गेला, त्याच्या मनीषनगरात अजून रेल्वेचे फाटक बंद आहे, फाटकाशी स्कूटरींची रांग लागली आहे, कोणी वाकून दांड्याखालून सायकल काढतो आहे, पावसाळ्यात रिकाम्या प्लॉटांत पाणी साचून बेडूक ओरडत आहेत. मार्च २०१९ मध्ये वर्धा रोडवर मेट्रो धावू लागली, २०२० मध्ये दुमजली उड्डाणपूल आणि मनीषनगरचा रेल्वेपूल खुला झाला. आता सुटीवर आलेला हा माणूस पुलावरून जाताना खाली वाकून पाहतो आणि विचारतो, 'इथे ते बोरीचे झाड होते ना?' आपण म्हणतो, 'कोणते झाड?' आपल्याला खरोखरच आठवत नाही. शहर त्याने सोडले असे आपण म्हणतो. पण ते जपले कोणी, हा प्रश्न अशा वेळी पडतो.

पूर्वी निळ्या एअरोग्रामच्या तीन घड्यांत मजकूर बसवावा लागे. जागा थोडी, टपाल महाग, पोहोचायला पंधरवडा. त्यामुळे लिहिणारा निवडून लिहीत असे. समासात आडवे, घडीच्या मागे उभे, जेथे जागा सापडेल तेथे. साठच्या दशकात परदेशी निघणाऱ्याला नियमाप्रमाणे जेमतेम आठ डॉलर नेता येत. त्या आठ डॉलरांत पहिला आठवडा कसा काढला हे पत्रात येई आणि आई ते पत्र पोथीसारखे शेजारी-पाजारी वाचून दाखवी. आज रोज रात्री चेहरा पाहता येतो. हे सुख मोठे आहे; ज्या आयांनी पूर्वी पोस्टमनची वाट पाहिली त्यांना ते विचारावे. पण रोजच्या या बोलण्यात 'जेवलास का' आणि 'बाळ झोपले का' यापुढे फारसे जाता येत नाही, आणि जे बोलले जाते त्यातले सकाळी काही उरत नाही. आपल्या नातवंडांच्या हाती आजोबांच्या स्थलांतराचा एकही कागद लागणार नाही, अशी ही पहिली पिढी ठरण्याची भीती आहे. आणि ती नातवंडे एक दिवस विचारणारच आहेत, 'आम्ही इथे कसे आलो?'

यावर उपाय काय? फार खर्चाचा नाही. या उन्हाळ्यात घरी येणाऱ्या मुलाला, मुलीला, भावाला एक संध्याकाळ मोकळी ठेवायला सांगावी. टीव्ही बंद. मोबाइल फक्त आवाज मुद्रित करण्यापुरता. आणि साधे प्रश्न विचारावेत. विमानतळावर उतरल्यावर पहिल्या रात्री कोठे झोपलास? पहिल्यांदा काय शिजवलेस आणि ते कसे झाले? तुझे नाव तिकडे कसे उच्चारतात, आणि तू ते दुरुस्त करणे केव्हा सोडलेस? कोणी अपमान केला? कोणी उपकार केले? घरात कोणी गेल्याची बातमी आली तेव्हा कोठे होतास आणि त्या दिवशी काय केलेस? परत यावे असे सर्वांत जास्त केव्हा वाटले, आणि का आला नाहीस? हा शेवटचा प्रश्न उत्तरासाठी विचारावा, ठपक्यासाठी विचारू नये. ठपक्याचा वास आला की माणूस पुन्हा साच्यात शिरतो.

मग जे निघेल ते मराठीत लिहून काढावे. शुद्धलेखनाची काळजी करू नये. ते सुधारणारे पुष्कळ मिळतात. आग्रह मराठीचा अशासाठी, की बालपण ज्या भाषेत गेले त्या भाषेत माणसाला खोटे बोलणे जड जाते. दोन प्रती कराव्यात. एक घरी आणि एक वाचनालयात. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ ची. शंभरी ओलांडलेल्या या संस्थेने आणि वस्त्या-वस्त्यांतल्या वाचनालयांनी अशा हस्तलिखितांसाठी एकेक कपाट राखून ठेवले, तर दहा वर्षांत विदर्भातून जगभर गेलेल्या माणसांचा असा दस्तऐवज तयार होईल, जो कोणत्याही सरकारी खात्याकडे नसेल. त्यातून एखादा ग्रंथ निघेल, न निघेल. पण वर्ध्याचा, उमरेडचा, काटोलचा कोणी मुलगा उद्या प्रथमच विमानात बसण्याआधी ते कपाट उघडेल, हे निश्चित.

बँकेच्या व्यवहारात एक नियम आहे. ज्या खात्यावर दोन वर्षे खातेदाराने काही व्यवहार केला नाही ते निष्क्रिय ठरते, आणि दहा वर्षे कोणी दावा केला नाही, की २०१४ पासून ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे वर्ग होते. तरीही रक्कम बुडत नाही. वारसाने योग्य कागद घेऊन मागितली, तर ती पुढेही परत मिळते. आठवणींच्या बाबतीत अशी सोय नाही. तेथे खातेदार गेला, की खाते बंद. म्हणून ज्यांचे खातेदार अजून बोलते-चालते आहेत, वर्षातून एकदा का होईना पण दारात उभे राहतात, त्यांनी 'केव्हा आलास' आणि 'परत केव्हा' यांच्या मध्ये एक तिसरा प्रश्न घालावा: 'कसा राहिलास रे?' आणि तो विचारून झाल्यावर आपण स्वतः गप्प बसावे.